धागा: पगारी गायक नसतील तर कॉयरचं नवीन संगीत पुढे जाणार कसं?

आल्टो_दुसरी
खूप दिवस हे लिहायचं होतं. २०२३ च्या मार्चमध्ये बीबीसीने जाहीर केलं की बीबीसी सिंगर्स बंद करणार. १९२४ पासून चालत आलेला ग्रुप, जेमतेम २० गायक, आणि ब्रिटनमधला एकमेव पूर्णवेळ पगारी चेंबर कॉयर (मोजक्या गायकांचा समूह). १,४०,००० हून जास्त लोकांनी विरोधात सह्या केल्या आणि त्याच महिन्यात निर्णय थांबवावा लागला. मला तेव्हापासून एक गोष्ट खुपतेय, सगळे वाचवा वाचवा म्हणत होते पण नक्की कशासाठी वाचवायचं ते फार कमी लोक बोलले. परंपरा आहे म्हणून? परंपरा काय, रेकॉर्डिंगमध्येही राहते.

माझं म्हणणं सरळ आहे, गायकांना महिनाभर एकत्र बसता आलं तरच अवघड आणि खरोखर नवीन असं काही घडतं. मी फ्रीलान्स आल्टो आहे, म्हणजे बायकांमधला खालच्या पट्टीचा आवाज. आमचा प्रोजेक्ट म्हणजे दोन रिहर्सल आणि तिसऱ्या दिवशी कार्यक्रम, साईट-रीडिंग, म्हणजे समोरचं नोटेशन पहिल्यांदाच बघून गाणं, पक्कं असेल तर निभावतं. पण संगीतकारालाही हे ठाऊक असतं ना, मग तो दोन रिहर्सलमध्ये बसेल तेवढंच लिहितो. संथ लय, एकमेकांना चिकटलेले सूर, मध्येच सोप्रानो (बायकांचा सगळ्यात उंच आवाज) वर तरंगणार आणि शेवटाला एक मोठा गोड कॉर्ड. अशा रचना मी इतक्या गायल्यात की आता कोणती कोणाची ते आठवत नाही. संगीतकाराला दोष देत नाही मी, त्याच्या हातात दिलेला वेळच तेवढा असतो.

लिगेती या संगीतकाराचा रेक्विएम (मृतांसाठीची प्रार्थना) १९६५ मध्ये स्टॉकहोमला पहिल्यांदा झाला, स्वीडिश रेडिओच्या कॉयरकडून. त्यातल्या किरीए या भागात कॉयर २० वेगवेगळ्या ओळींत फुटतो. असलं काही आज कोणी लिहून आणलं तर पहिला प्रश्न येईल, किती रिहर्सल लागतील?

खर्ज_आणि_खाली
दुसऱ्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत, पण त्यातून जो निष्कर्ष काढलाय त्याच्याशी अजिबात नाही.

तुम्ही स्वीडनचं उदाहरण दिलंत म्हणून तिथूनच सुरुवात करतो. एरिक एरिक्सन या स्वीडिश कॉयर-संचालकाने १९४५ मध्ये स्वतःचा चेंबर कॉयर उभा केला तो संगीत शिकणारी तरुण पोरं गोळा करून. आधी ती ओढ होती, जुनं कोणी न गायलेलं संगीत शोधून गाण्याची, रेडिओचा कॉयर त्याच्या हाती आला तो नंतर. दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं, रूमफुल ऑफ टीथ. २००९ मध्ये सुरू झालेला आठ जणांचा ग्रुप, उन्हाळ्यात एकत्र राहायचे, जगभरातल्या गायनपद्धतींचे जाणकार बोलवायचे आणि त्यांच्याकडून शिकायचे. त्याच ग्रुपमधली एक गायिका कॅरोलाइन शॉ, तिने आपल्या या सात साथीदारांच्या गळ्यांसाठी आणि स्वतःसाठी 'पार्टिटा' लिहिलं आणि २०१३ चं संगीताचं पुलित्झर हे अमेरिकेतलं मोठं पारितोषिक मिळालं. त्यात बोलणं आहे, सुस्कारे आहेत, कण्हणं आहे, घशातून काढलेले स्वर आहेत. हे कुठल्या मोठ्या संस्थेच्या पगारपत्रकातून नाही आलं. लिहिणारा आणि गाणारा एकाच खोलीत होते म्हणून आलं.

मी दहा वर्षं पगारी कॉयरमध्ये होतो. नाव घेत नाही. नोकरी सुरक्षित होती आणि वर्षाचा निम्मा वेळ ऑर्केस्ट्राच्या मागे उभं राहून ठरावीक पाच-सहा मोठ्या रचना गाण्यात जायचा. नवीन काही शोधायला वेळ होता, इच्छा मेली होती.

कोरा_स्कोअर
मी लिहिणाऱ्यांच्या बाजूचा, म्हणून थोडं वेगळं. तुम्ही दोघं पहिल्या प्रयोगावर भांडताय, रचना मरते ती दुसऱ्या प्रयोगाअभावी. प्रीमियरला पैसे मिळतात कारण पत्रिकेवर 'प्रथमच' असं छापता येतं, नंतर त्या स्कोअरला, म्हणजे लिहिलेल्या नोटेशनला, कोणी वाली नसतो. माझ्या चार रचना एकेकदाच गायल्या गेल्यात. पहिल्या प्रयोगात सगळे सूर सांभाळत असतात, संगीत दुसऱ्या तिसऱ्या वेळी सुरू होतं, आणि माझी चूक कुठे झाली तेही मला तेव्हाच कळतं. तिसऱ्या पानावर टेनरला (पुरुषांचा वरचा आवाज) श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती मी, हे कार्यक्रमात कळलं, आता दुरुस्त करून उपयोग काय.

हेडफोन_लावून
मला वाटतं तुम्ही सगळे एका हॉलमधल्या कॉयरपलीकडे बघतच नाही आहात. संगीतकार एरिक विटेकरच्या व्हर्च्युअल कॉयरमध्ये, जिथे प्रत्येकजण घरून व्हिडिओ पाठवतो आणि ते सगळे जोडले जातात, २०१० ला १८५ गायक होते, २०२० मध्ये १७,५७२ झाले, १२९ देशांतून. होली हर्नडन या संगीतकार बाईंनी तर २०१९ च्या 'प्रोटो' अल्बममध्ये माणसांच्या आवाजांवर एआयला शिकवून त्याला कॉयरमध्ये उभं केलं, आणि २०२४ मध्ये ब्रिटनभरातल्या १५ सामुदायिक कॉयरचे आवाज रेकॉर्ड करून त्यावर लंडनमध्ये अख्खं प्रदर्शन केलं. माझ्या मते क्रिएटिव्ह काम आता तिथे चाललंय. २० लोकांना पगार द्यायचा की नाही हा प्रश्न दहा वर्षांनी कोणी विचारणारही नाही.

आल्टो_दुसरी
@हेडफोन_लावून, २०२० मध्ये मीही घरी बसून अशा व्हिडिओंसाठी गायले, त्या दिवसांत त्याने धीर दिला हे खरंच. पण तिथे नेमकं काय होतं ते सांगते. कानात ठेक्याचा क्लिक वाजतोय, आधी ठरलेला सूर वाजतोय आणि त्याला धरून मी एकटी गातेय. मी शेजारणीला ऐकत नाही, ती मला ऐकत नाही.

खऱ्या कॉयरमध्ये सूर आधी ठरलेला नसतोच. पियानोचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. साथीशिवाय गाताना आम्ही तो खाली आणतो, आणि कोणी सांगत नाही, समोरचा बेस (पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज) जसा उभा राहील तसा माझा गंधार बसतो. कॉर्ड बदलला की कालचा षड्ज आजचा पंचम, परत सगळे थोडे थोडे सरकतात. हे जुळवताना अख्खा कॉयर हळूहळू मूळ पट्टीवरून खाली घसरू शकतो, मग कुठे शुद्ध राहायचं आणि कुठे किंचित तडजोड करायची हे सगळे मिळून ठरवतात, एकही शब्द न बोलता. हे शिकायला तीच माणसं पुन्हा पुन्हा शेजारी लागतात, म्हणून मी पगाराचा हट्ट धरतेय. खर्जदादा, तुमचा पुलित्झरवाला ग्रुपही तीच आठ माणसं पुन्हा पुन्हा भेटत होती म्हणूनच तसा वाजला ना?

मोकळा_गळा
पार्टिटाचं कौतुक चाललंय, मलाही ते आवडतं, पण त्याची दुसरी बाजूही इथे यायला हवी. त्यात उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट या आदिवासी समाजातल्या बायकांच्या कताजाक या गायनप्रकारातून घेतलेला भाग आहे. २०१९ मध्ये तान्या तगाक या इनुइट गायिकेने त्यावर उघड आक्षेप घेतला आणि ग्रुपला जाहीर उत्तर द्यावं लागलं. त्यांनी ते इनुइट गायिकांकडूनच शिकलं होतं, तरीही प्रश्न राहतोच की शिकणं वेगळं आणि त्यावर आपलं नाव घालून ते जगभर फिरवणं वेगळं. नवीन आवाज हवेत म्हणून कॉयर यापुढे असंच दुसऱ्यांकडे वळणार, तर मग ज्यांचा गळा आहे त्यांना स्टेजवर जागा द्या, नवी रचना करायचं काम द्या, मानधनात वाटा द्या. आठवडाभर शिकून परत आलो एवढ्याने भागत नाही.

आणि हर्नडनच्या त्या कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच, आवाज देणाऱ्या गायकांचा त्या डेटावर काय हक्क राहील हे त्यांनी प्रकल्पाचाच भाग केलं. बाकी किती ठिकाणी गायकांना कोणी विचारतंय?

रविवारची_सोप्रानो
मी हौशी कॉयरमध्ये गाते आणि मला आल्टोताईंचं म्हणणं पटत नाही. आहे तो पैसा वरच्या २० जणांवर घालायचा आणि खाली शाळांमधलं गाणं बंद पडू द्यायचं? एस्तोनिया बघा. १८६९ पासून तिथे गाण्याचा राष्ट्रीय महोत्सव भरतो, हजारो साधी माणसं एकत्र गातात. त्याच मातीतून १९८१ मध्ये एस्तोनियन फिलहार्मोनिक चेंबर कॉयर आला, ज्यांच्या तोंडी एस्तोनियन संगीतकार आर्वो पार्टचं संगीत जगाने ऐकलं. खाली ओल असल्याशिवाय वर झाड येत नाही.

खर्ज_आणि_खाली
@रविवारची_सोप्रानो, +१, पण झाड झाल्यावर त्यालाही पाणी लागतंच, हे मी आल्टोताईंच्या बाजूने बोलतोय असं वाटलं तरी चालेल.

ताई, तीच माणसं पुन्हा पुन्हा, हे मान्य. त्यासाठी कायमची नोकरीच हवी हे अजूनही मान्य नाही. तीन वर्षांचा करार, १२ गायक, वर्षातून दोन महिने पूर्ण एकत्र, आणि त्या काळात ऑर्केस्ट्राच्या मागे उभं राहायचं नाही, एवढं मिळालं तर मी आजची कामं सोडून येईन.

आल्टो_दुसरी
आणि उरलेले दहा महिने घरभाडं कोण भरणार? तीन वर्षांनी नवे १२ आले की गंधार परत पहिल्यापासून. पण दोन महिने सलग... मी आजवर सलग दोन आठवडेही गायलेले नाही, त्यामुळे मोह होतोय हे खरं.

कोरा_स्कोअर
त्या करारात एक ओळ माझी घाला, पहिल्या वर्षी गायलेली प्रत्येक नवी रचना तिसऱ्या वर्षी परत गायची. पहिल्या प्रयोगानंतर मला दुरुस्तीला सहा महिने द्या. टेनरच्या श्वासाची जागा मी काढून ठेवलीये.