'कोन पेर्मिसो' : येताना की निघताना?

प्रश्न

स्पॅनिशच्या वर्गात परवानगी मागायला 'पुएदो' शिकवलंय. 'पुएदो पासार?' म्हणजे आत येऊ का? इथवर ठीक. परवा मात्र ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर एक मेक्सिकन सहकारी 'कोन पेर्मिसो' म्हणाली आणि चक्क उठून गेली. परवानगी मागितली तर उत्तरासाठी थांबायला नको? की माझ्याच ऐकण्यात चूक झाली?

उत्तर, मेक्सिकोतल्या पुएब्लाहून

बरोबर ऐकलंत. शब्दशः अर्थ 'परवानगीने', पण तो प्रश्न नाहीच. गर्दीतून वाट काढताना, दोघं बोलत असतील त्यांच्या मधून जाताना, कुणाच्या घरात पाऊल टाकताना, आणि जेवणाच्या टेबलावरून उठतानासुद्धा इथे 'कोन पेर्मिसो' म्हणतात. सुरुवातीला कँटीनमध्ये जो उठेल तो माझ्याकडे बघून हे म्हणायचा. मला वाटायचं, मी याची वाट अडवलीय. एकदा तर ताट हातात घेऊन बाजूला उभा राहिलो! मेक्सिकोत त्याला 'प्रोपिओ' किंवा 'पासे' एवढंच उत्तर द्यायचं असतं.

आपलं 'येऊ का?' आठवा. दारात उभं राहूनही 'येऊ का?' आणि निरोप घेतानाही 'येऊ का मग?' दुसऱ्या वेळी कुणी खरंच परवानगी मागत असतं का?

प्रश्नकर्ती

अरे हो की! मग गर्दीत 'पेर्दोन' (माफ करा) म्हणतात ते काय?

पुएब्लाहून

धक्का लागायच्या आधी 'कोन पेर्मिसो', लागल्यावर 'पेर्दोन'. निदान इकडे तरी. स्पेनमध्ये वाट मागायलाही 'पेर्दोन' सर्रास चालतं.

आणखी एक उत्तर (मी स्पॅनिश शिकवते)

'पुएदो' चूक नाही, पण वहीत त्यापुढे 'शकतो का' लिहिलेलं असतं तिथे घोळ होतो. मराठीत 'मी आत येऊ शकतो का?' हे इंग्रजीतून आलेलं बोलणं. आपली परवानगी 'येऊ का', 'बसू का' यातल्या 'ऊ'मध्येच आहे. तेव्हा 'पुएदो सेन्तार्मे?' समोर सरळ 'बसू का?' लिहा. अनोळखी किंवा वयाने मोठ्या माणसापुढे 'पुएदो'ऐवजी 'पोद्रिआ' वापरा, त्याने सूर मवाळ होतो. दार वाजवून डोकावताना नुसतं 'से पुएदे?' पुरतं. आतून 'आदेलान्ते' (या आत) येईल. कोलंबियात, बोगोतात मात्र 'सिगा' म्हणतील, म्हणजे शब्दशः 'पुढे चला'. नवखा माणूस ते ऐकून पुढच्या दाराकडे वळतो.

खरी गोची 'ले इम्पोर्ता'ची. 'ले इम्पोर्ता सि आब्रो ला वेन्ताना?' म्हणजे 'खिडकी उघडली तर तुमची हरकत नाही ना?' परवानगी द्यायची तर उत्तर 'नो'. माझे विद्यार्थी डोक्यात 'चालेल का?' असं भाषांतर करतात आणि हसतमुखाने 'सी' म्हणतात. म्हणजे झाली ना हरकत! खिडकी बंदच राहते. ओळखीच्या माणसाशी 'ले'च्या जागी 'ते'.

आणि सगळीकडे 'पोर फावोर' (प्लीज) पेरू नका. माद्रिदच्या बारमध्ये लोक 'मे पोनेस उन काफे?' म्हणतात. 'एक कॉफी देतोस?' असा सरळ प्रश्न, आणि त्यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही. पुस्तकी नम्रतेपेक्षा आवाजाचा सूर जास्त काम करतो, असं माझं मत.

प्रश्नकर्ती

म्हणजे पुढच्या वेळी तिला 'प्रोपिओ' म्हणायचं. 'बसा हो अजून' म्हणायची सोय नाही?

पुएब्लाहून

आहे की. कुणाच्या घरून निघालात तर यजमान हमखास म्हणतात, 'तान प्रोन्तो?'

म्हणजे 'इतक्यात?'