प्रत्येक कॉलेजात डॉक्टर हवा म्हणे! आधी प्रथमोपचार पेटीची चावी तरी शोधा

तासिकावाला:
परवाच्या एका पोस्टला भरभरून लाइक पडले. सार असं: तालुक्याच्या कॉलेजात मुलीला वर्गात फिट आली, प्राध्यापक 'बघत उभे राहिले', १०८च्या आधी पालकांना फोन लावला. म्हणून प्रत्येक कॉलेजात पूर्णवेळ डॉक्टर आणि अ‍ॅम्ब्युलन्स बंधनकारक करा, नसेल तर मान्यता काढा. वाचून डोकं फिरलं.

मी अशाच एका कॉलेजात तासावर शिकवतो. आमच्याकडे 'सिक रूम' आहे. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायच्या आदल्या दिवशी तिथे पलंग, पांढरी चादर, बीपीचं मशीन आलं. समिती गेली, चादर हेडक्लार्कच्या कपाटात गेली आणि पलंगावर आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे झोपतात. प्रथमोपचार पेटीची चावी जिमखान्याच्या सरांकडे, सर दुपारनंतर मैदानावर. ग्रामीण रुग्णालयातल्या जागा भरत नाहीत, इथे कुठला डॉक्टर येऊन बसणार?

डॉक्टर नाही हे दुखणं नाहीच. पोरगी पडते तेव्हा शेजारी उभ्या असलेल्याला १०८ लावायची हिंमत होत नाही. तो शिपायाला पिटाळतो, शिपाई विभागप्रमुखांना शोधतो, ते प्राचार्यांना फोन लावतात, प्राचार्य विद्यापीठात मीटिंगला. शेवटी निरोप येतो, 'पालकांना विचारा.' उद्या काही झालं तर आपल्यावर नको! एका ओळीचं परिपत्रक काढा: जो जवळ असेल त्याने आधी १०८ लावावा, मग प्राचार्यांना कळवावं. खर्च शून्य.

एक_बाप:
खर्च शून्य! वा सर! मग पावतीवर 'वैद्यकीय शुल्क' कशाचं घेता? माझ्या मुलीला टाइप-१ मधुमेह आहे. अ‍ॅडमिशनच्या अर्जाला डॉक्टरांचं पत्र जोडलं होतं. परीक्षेत साखर उतरली, घाम फुटला, हात थरथरायला लागले. सुपरवायझर बॅगेतली ग्लुकोजची पुडी घेऊ देईना, का तर कॉपीचा संशय. मागच्या बाकावरच्या पोरीने आरडाओरडा केला तेव्हा कुठे पुडी हातात पडली. तुमचं परिपत्रक राहू द्या, जोडलेलं पत्र तरी वाचा. आजारी मुलांची यादी वर्गावर का देत नाही?

तासिकावाला:
पत्र ऑफिसात फायलीला लागतं, आमच्यापर्यंत येत नाही. आणि सीएचबीवाल्याचं, म्हणजे माझ्यासारख्या तासावर शिकवणाऱ्याचं, मानधन सहा-सहा महिने लटकतं. त्याच्याकडून शिकवणं, परीक्षा, एनएसएस आणि वर नर्सिंग?

वऱ्हाडी_ठेचा:
आलं का सीएचबी! चंद्रयानाचा धागा असो की पुरणपोळीचा, हे येतंच. पोरगी जमिनीवर पडली आहे साहेब, मानधनाचं नंतर बघू.

तासिकावाला:
तुम्ही अनुदानित, पूर्ण पगारी दिसता.

टीवायची_पोरगी:
यादी नको प्लीज. आमच्या गावात फिटवाली म्हणून एकदा नाव झालं की स्थळं यायची बंद होतात. आणि मी स्वतः चक्कर येऊन पडले होते, पहाटेच्या एसटीने उपाशी आले होते म्हणून. शुद्धीवर आले तर मॅडम कानाशी, 'काही भानगड नाही ना?' पाणी त्यानंतर मिळालं.

एक_बाप:
ते भयंकर आहे. पण यादीच नसेल तर माझ्या पोरीने घाम फुटलेला असताना वर्गभर समजावत बसायचं?

एकशेआठ_डॉक्टर:
मी अशा कॉलना जाते. गेट बंद, वॉचमन चहाला. आत गर्दी, दातात चमचा, नाकाला कांदा, मुठीत किल्ल्यांचा जुडगा. आणि २०१४ला ही सेवा सुरू झाली तेव्हा राज्यभर ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३च अ‍ॅडव्हान्स, म्हणजे गंभीर रुग्णांसाठीच्या जास्त सोयींच्या. प्रत्येक कॉलेजला एक म्हणणाऱ्यांनी हिशोब करावा.

जुने_जाणते:
कांद्याला नावं ठेवू नका. आमच्या आजीने गावातली कितीतरी माणसं कांद्याने उठवली.

एकशेआठ_डॉक्टर:
काका, बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. त्या वेळी नाकाशी जे असेल, त्याला श्रेय. चमच्याने मात्र दात तुटलेले मी पाहिलेत.

जुने_जाणते:
मग चप्पल? तिच्या उग्र वासाने मेंदू जागा होतो, हे शास्त्र आहे.

वऱ्हाडी_ठेचा:
कोणत्या शास्त्रात? पादत्राणशास्त्रात?

जुने_जाणते:
थोरामोठ्यांची टिंगल करणारी ही पिढी! तुमच्या घरी कुणाला फिट आली म्हणजे कळेल.

वऱ्हाडी_ठेचा:
धाकट्या भावाला येते. सात वर्षांचा होता तेव्हापासून. चप्पल लावणाऱ्या पाहुण्यांना मीच बाहेर काढतो.

एकशेआठ_डॉक्टर:
दोघेही थांबा. कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर नको, ओढणी किंवा स्वेटर. हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नको. घड्याळ बघा. फिट पाच मिनिटांवर गेली किंवा शुद्ध न येता दुसरी आली तर जिवावरचं आहे. पहिल्यांदाच आली असेल तर थांबूच नका, १०८ लावा.

काळा_कोट:
अवांतर: मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं मोटार वाहन कायद्यातलं २०१९चं कलम १३४अ फक्त रस्ते अपघाताला लागू आहे, वर्गात नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ३० वाचा. संमती देण्याच्या स्थितीत माणूस नसेल आणि पालक वेळेत मिळत नसतील, तर त्याच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेली कृती केवळ संमती नव्हती म्हणून गुन्हा ठरत नाही. आणि आणीबाणीत आधी उपचार, कागद मागाहून, हे सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना १९८९ सालीच बजावलंय. 'पालकांना विचारा' ही कायद्याची अट नाही, प्राचार्यांची भीती आहे.

तासिकावाला:
मी दुसरं काय म्हणत होतो? फरक इतकाच की तुम्ही कलम लावलंत. असो. ग्लुकोजचं मान्य, तो सुपरवायझर गाढव होता. यादीच्या बाबतीत मात्र मी पोरीच्या बाजूने. ज्याचं त्याने वर्गशिक्षकाला खासगीत सांगावं. ग्लुकोजला परवानगी परीक्षेच्या सूचनांतच छापायला हवी, पण ते परीक्षा समितीच्या हातात, आणि सीएचबीवाल्याला समितीवर कोण घेतो?

वऱ्हाडी_ठेचा:
आलं!

एक_बाप:
अर्ज समितीच्या अध्यक्षांच्या नावे करायचा की प्राचार्यांच्या, तेवढं सांगा. सोमवारी आमच्या कॉलेजात मीच देऊन येतो. आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही.