अण्णांचं एचएमटी जनता: मूळ की डायल बदललेलं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. आजोबांचं, म्हणजे आमच्या अण्णांचं, चावीचं एचएमटी जनता मनगटी घड्याळ आईने परवा माझ्या हातात ठेवलं. वागळे इस्टेटच्या कारखान्यात ते रोज हेच घालून जात. चावी दिली की आजही टिकटिक सुरू होते, ऐकून गलबलून आलं.

पण शंका आहे. लग्नाच्या कृष्णधवल फोटोत डायल पांढुरकी दिसते, आता ती गडद निळी आहे. भिंगातून पाहिलं तर 'जनता'ची अक्षरं जाड, किंचित पसरलेली, आणि 7 जवळची मिनिटाची रेघ तासाच्या खुणेशी जुळत नाही. मध्ये कधीतरी दुरुस्तीत डायल रंगवली असावी असं मला वाटतं. केसवरचे (बाहेरच्या धातूच्या कवचावरचे) ओरखडे मात्र जुनेच, ते अण्णांचेच.

मागचं झाकण मी उघडलेलं नाही. आत मशीन मूळ 17 ज्वेल्सचं (चाकांचे आस ज्यात फिरतात त्या छोट्या खड्यांचं) आहे का, हे कशावरून ओळखायचं? समोर बसवून उघडून दाखवणारा जुना घड्याळजी ठाणे, कळवा किंवा दादरकडे कुणाला माहीत आहे का? विकायचं अजिबात नाही. मूळ डायल मिळाली तर बसवावी, की आहे तसंच जपावं? जाणकारांनी कृपया सांगा.