मदत हवी आहे: सोलापुरात लेकीच्या जेवणाची आणि थोड्या खरेदीची सोय

धागाकर्ती

नमस्कार. आम्ही कोकणातल्या देवरुखचे. मोठी लेक यंदा सोलापूरला अशोक चौकाजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला लागली. आमच्या घरातलं कुणी आजवर त्या बाजूला राहिलेलं नाही. पंढरपूरपर्यंत वारीच्या निमित्ताने गेलोय, त्यापुढे नाही.

खाजगी वसतिगृहात तिघींत एक खोली मिळाली आहे. खोली चांगली आहे, उजेड आहे, मालकीणबाई लक्ष ठेवून असतात. जेवण मात्र शेजारच्या मेसचं, आणि पैसे दोन महिन्यांचे आगाऊ भरले. पहिले पंधरा दिवस ती काही बोलली नाही. मग फोनवर आवाज खोल गेल्यासारखा वाटायला लागला. खोदून विचारलं तेव्हा कळलं की रात्रीचं जेवण ती टाकतेच. भाजीवर तेलाचा लाल तवंग, भाकरी गार झालेली, आणि भात शेवटी वाटीभर. उशीर झाला तर तोही संपलेला. दुपारी वडापाव, रात्री बिस्किटं. गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकलला उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मैत्रिणींनी बसवलं, लिंबाचं सरबत दिलं. हे तिने मला चार दिवसांनी सांगितलं.

मेसवर राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःवर आला. फी, कागदपत्रं, जातपडताळणी सगळं आम्ही दहादा तपासलं, आणि ती जेवणार काय हे मात्र "तिथं मिळेल की सगळं" म्हणून सोडून दिलं. भाताशिवाय तिचं पोट भरत नाही हे आईला नाही कळणार तर कुणाला?

तर अशोक चौकाच्या जवळपास बिनतिखट किंवा कमी तिखटाचं, भात पोटभर मिळेल असं घरगुती जेवण कुठे मिळेल? डबा लावावा की खानावळ? शिवाय गादी, पांघरूण, बादल्या, प्रॅक्टिकलचा एप्रन ही खरेदी राहिली आहे. संध्याकाळी मुलींनी दोघी-तिघींनी जाऊन यावं असा बाजार कोणता? पुढच्या शुक्रवारी मी स्वतः जाते आहे, दोन दिवस राहीन.

बाळीवेसकर

ताई, आधी मुलीला डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. अंधारी आली ही गोष्ट नुसत्या जेवणावर सोडू नका. सिव्हिल आहे, चांगले खाजगी दवाखानेही भरपूर आहेत.

आता जेवणाचं. तुमची लेक सोलापूरच्या अगदी योग्य भागात राहते, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. अशोक चौक म्हणजे आमचा पूर्वभाग. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली, तिला आम्ही अजून जुनी मिल म्हणतो. गिरण्यांच्या आणि मागांच्या कामाला तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि इथलेच झाले. त्यांच्या घरात आजही तेलुगू बोलतात. आणि ही माणसं भात खाणारी! सकाळी या भागातल्या कोणत्याही चौकात इडली-डोशाच्या गाड्या लागलेल्या दिसतील. सांबार-भात, चिंचेचं पातळ सार, पुडचटणी हे सगळं त्या गल्ल्यांमध्ये रोजचं आहे. मोठ्या पाट्यांच्या हॉटेलांत शोधू नका. गल्लीत शिरा, किराणा दुकानदाराला विचारा, "इथं डबा कोण देतं?" घरातच स्वयंपाक करून दहा-पंधरा डबे देणाऱ्या बायका तुम्हाला सापडतील.

तिखट त्याही खातात, पण समोर बसून सांगितलं तर एका डब्यापुरती आमटी तिखट घालण्याआधी बाजूला काढून ठेवतात. मेसमध्ये शंभर माणसांच्या पातेल्यात हे होत नाही.

मालदांडी

काकू, मी तिसऱ्या वर्षाला आहे, गाव बार्शी. तुमची लेक काय खाऊ लाली ते वाचून वाईट वाटलं, कारण पहिल्या वर्षी माझंपण असंच झालतं.

डबा लावताना महिन्याचे पैसे आधी देऊ नका. चार दिवस सुट्टा डबा घेऊन बघायचा, त्यात एक रविवार पाहिजे. रविवारी रात्री बहुतेक ठिकाणी सुट्टी असते आणि तिथंच पोरं उपाशी राहतात. परीक्षेच्या दिवसांत आणि सबमिशनला उशीर झाला तर डबा खोलीवर ठेवतात का, हेपण आधीच विचारा.

दुसरं, खोलीत कायम तीन गोष्टी पाहिजेत: कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही. मी एवढ्यावर अख्खी सेमिस्टर एक्झाम काढली आहे. बाहेर जायची ताकद नसती तेव्हा हेच उपयोगी पडतं.

बाहेरचं खायचं झालं तर पार्क चौपाटी. स्टेडियमच्या बाजूला गाड्या लागतात, संध्याकाळी घरची माणसं लेकराबाळांसकट असतात, त्यामुळं पोरींनी जायला काही अडचण नाही. भाग्यश्रीचा वडा आणि सुप्रजाची पावभाजी एकदा खाऊ द्या तिला, रोज नको.

धागाकर्ती

दादा, दोघांचे मनापासून आभार. रक्त तपासायला सांगितलं, उद्या मैत्रिणीबरोबर जाते आहे. पण कडक भाकरी तिला चावेल का? आमच्याकडे तांदळाची भाकरी, मऊ लुसलुशीत. ज्वारीची तिने कधी खाल्लेली नाही. आणि शेंगा चटणी तिखट नसते का?

मालदांडी

काकू, कडक भाकरी नुसती चावायची नसतीच. ती पातळ थापून, भाजून, परत मंद आचेवर अगदी कोरडी होईपर्यंत शेकलेली असती. पाण्याचा अंश राहत नाही म्हणून महिना महिना टिकते, प्रवासाला नेतात. खाताना वाटीत चुरायची आणि वरून गरम आमटी नाहीतर दूध ओतायचं. दोन मिनिटांत मऊ होते. तिला पहिल्यांदा दूध आणि थोडा गूळ घालून द्या. आवडल्याशिवाय राहणार नाही, मंगळवेढ्याच्या ज्वारीची चवच गोड आहे.

उखळ_मुसळ

चटणीबद्दल मी सांगते, आमच्या बचत गटाचं तेच काम आहे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट, एवढंच. मिक्सरमध्ये फिरवली तर कोरडा कूट होतो. कुटली की दाण्याला तेल सुटतं आणि चटणी ओलसर, जरा चिकट होते. घेताना बोटांत दाबून बघा. गोळा झाला तर कुटलेली. रंग भडक लाल असेल तर तिखट जास्त. फिकट तपकिरी मागा, "कमी तिखट द्या" म्हटलं की बहुतेक ठिकाणी वेगळी मिळते. मधला मारुतीच्या बाजूला गेलात तर चटणीची दुकानं लागोपाठ आहेत, चव बघून घ्या. दह्यात कालवली की लहान मुलंही खातात. शेंगदाण्यामुळे अंगात ताकद राहते, मुलीला ती आत्ता हवीच आहे. पण लसणीची आहे, डबा घट्ट झाकणाचा हवा, नाहीतर खोलीतल्या बाकीच्या दोघी तक्रार करतील.

बाळीवेसकर

खरेदीचं राहिलं. कपडे, एप्रन, रोजच्या वस्तू यांना नवी पेठ. अशोक चौकातून शेअर रिक्षा मिळते. सोलापुरात शाळा-कॉलेजांचे गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे, त्यामुळे एप्रन तयार मिळतो आणि कापड पण बरं असतं. कॉलेजच्या दारात पहिल्याच दिवशी घाईने घेऊ नका. साडी-कापड बघायचं तर चाटी गल्ली. भाजी-फळं लक्ष्मी मार्केटला. सध्या डाळिंबं येताहेत, मुलीसाठी घ्या. गादी वसतिगृहाच्या जवळच भरून घ्या, उगाच लांबून रिक्षात घालून आणू नका.

बादल्या दोन घ्या, एक मोठी झाकणाची. सोलापुरात नळ रोज येत नाही, मध्ये काही दिवसांचं अंतर असतं. वसतिगृहात बोअर असलं तरी पिण्याचं पाणी वेगळं भरून ठेवायची सवय लागू द्या. कोकणातून आलेल्या माणसाला पाणी जपणं मुद्दाम शिकावं लागतं. आणि होळीनंतर एक माठ.

ताणाबाणा

पांघरूण म्हणून बाहेरून ब्लँकेट आणू नका, सोलापुरात राहून चादर न घेणं बरं दिसत नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर जेकॉर्ड माग (नक्षी विणणारा माग) चालवला, म्हणून हे कळकळीने लिहिते.

सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. तरीही बाहेरगावी विणलेल्या मालावर "सोलापुरी" लेबल लावून विकतात, अगदी आमच्याच स्टँडबाहेरसुद्धा. ओळखायची कशी? खरी चादर सुती असते, हातात घेतली की वजन लागतं. उलटी करून बघा: मागच्या बाजूला तीच नक्षी रंग बदलून आलेली दिसते, म्हणजे वर लालवर पिवळा मोर असेल तर खाली पिवळ्यावर लाल मोर येतो. नुसती छापलेली असेल तर मागे फिकट डाग दिसतात. कडेचे गोंडे ओढून बघा, सुटायला नकोत. चमक जास्त आणि अंगाला घसरत असेल तर त्यात सिंथेटिक धागा आहे, उन्हाळ्यात तिच्यात झोपवत नाही. चाटला, पुलगम ही जुनी नावं आहेत, त्यांच्या दुकानात जा आणि निवांत बघा. विणीत किंचित चूक असलेला माल आहे का हेही विचारा, कमी किमतीत मिळतो आणि ऊब तीच.

पहिल्या दोन धुण्यांना रंग सुटतो, वेगळी धुवायची, गार पाण्यात. सुरुवातीला खरखरीत वाटेल. जितकी धुवाल तितकी मऊ होते. माझ्याकडे आईच्या लग्नातली आहे.

धागाकर्ती

सर्वांना, काल रात्री परत आले. रत्नागिरी-नागपूर महामार्गानेच गेले. मंगळवेढ्याच्या पुढे शेतांत ज्वारीची पेरणी चालली होती, आणि इतकी उघडी, झाडं नसलेली जमीन मी पहिल्यांदा पाहिली. जीव दडपला जरा. लेक या मोकळ्यात एकटी राहते असं मनात आलं.

रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत आणि जेवण सोडायचं नाही असं बजावलं.

डबा मिळाला! कॉलेजच्या मागच्या एका गल्लीत किराणा दुकानदाराने घर दाखवलं. त्या काकू तेलुगू, मराठी आपल्यासारखंच बोलतात. पाट घालून मला आधी जेवायला बसवलं. भात, चिंचेचं सार, वांग्याची भाजी, वर तूप. लेकीने तीनदा भात घेतला, मी मोजत होते. त्यांनी पैसे आठवड्याचे घेतले, महिन्याचे नको म्हणाल्या. रविवारी रात्री सुट्टी आहे, पण "पोरगी एकटी असली तर येऊ दे, आम्ही जेवतोच की" असं म्हणाल्या. मेसचे उरलेले पैसे बुडाले, बुडू देत.

चादर दोन घेतल्या, एक लेकीला, एक आमच्या घरी. ताणाबाणा ताई, उलटी करून बघताना दुकानदार हसले आणि म्हणाले, तुम्हाला माल कळतो. तुमचं नाव माहीत नाही, पण तुमच्या वडिलांची आठवण काढली.

एकच विचारायचं राहिलं. आज सकाळी लेकीचा फोन आला: "आई, दिवाळीला येईन तेव्हा परत जाताना आमसुलं दे, काकूंना सोलकढी करून दाखवायची आहे." सोलापुरात ओला नारळ चांगला कुठे मिळतो?

बाळीवेसकर

लक्ष्मी मार्केटला बघा, नाहीतर देवळांच्या बाहेर हमखास. फक्त हलवून, पाणी वाजतंय का बघून घ्यायला सांगा. संक्रांतीला तुम्हीही या, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते.

मालदांडी

काकू, आमसुलं थोडी जास्तच द्या.