मदत हवी आहे: एकट्या वृद्धांच्या जेवणासाठी पालिकेत अर्ज कुठे करायचा?

तुर्भ्यातल्या आमच्या वस्तीत सात-आठ आज्या एकट्या राहतात. रेशनचं 5 किलो धान्य आहे, पण भांडी घासून बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीनवर अंगठा लागत नाही. मिळालं तरी रांधवत नाही. परवा एकीच्या डब्यात तांदूळ होते आणि ती चहा-बिस्किटावर झोपली. फार वाईट वाटलं.

अंगणवाडी, शाळेतलं जेवण मुलांसाठी. 10 रुपयांच्या शिवभोजन थाळीचं केंद्र त्यांना चालत गाठता येत नाही. वर्गणी काढून डबे दिले, दोन महिन्यांत पैसे आटले. दोन ठिकाणी अर्ज दिले, ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणाले.

बचतगटाच्या बायका रांधायला तयार आहेत. समाजमंदिराची खोली, गॅस आणि शिधा हवा. नवी मुंबई पालिकेत हे समाजविकास विभागाकडे मागायचं की थेट आयुक्तांकडे, आणि अर्जात कोणती योजना लिहायची?