तिसऱ्यांवरचा रफार
अक्षरं बारीक दिसत असतील तर झूम १२५ टक्के करा, हा वेबसाइट वाचणाऱ्यांना मिळणारा सल्ला बरोबरच, माझ्या चाळिशीलाही तोच आधार आहे. पण अक्षरच चुकलेलं असेल तर झूम करून चूक मोठी दिसते, एवढंच. वेंगुर्ल्यातल्या आमच्या खानावळीच्या वेबसाइटवर ‘तिसऱ्या’ (शिंपल्या) लिहिलं की सेव्ह केल्यावर ‘तिसर्या’ व्हायचं, रफार थेट य-च्या डोक्यावर! गिऱ्हाईक विचारी, हा कुठला नवीन मासा? आठवडाभर फॉन्ट बदलत बसलो. दोष फॉन्टचा नव्हताच. माझा कीबोर्ड र आणि हलन्तानंतर (पाय मोडायच्या खुणेनंतर) एक न दिसणारा जोडक (झेडडब्ल्यूजे) टाकत होता, त्यानेच र-चा रफार न होता ‘ऱ्य’ दिसतो, आणि सेव्ह होताना तो कचरा समजून उडवला जात होता. आता नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, मग हलन्त, मग य असं टाइप करतो. उडवायला काही उरतच नाही.

श, ल हिंदी वळणाचे दिसत असतील तर पानाच्या कोडात भाषा ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) लिहून बघा. फॉन्टात मराठी रूपं असली तर ब्राउझर ती उचलतो. आमच्या सोलकढीचा ल तसाच सुधारला.