मदत हवी आहे: वेगासमध्ये एशियन टेबल गेम्स आणि बरे कॉम्प (कसिनो खेळाडूला फुकट देतं ते जेवण, खोली वगैरे), कुठलं हॉटेल घ्यावं?

पत्त्यांचा_बंगला
लोकहो, पटकन सांगा. विमानाची तिकिटं झाली, हॉटेल राहिलंय. आम्ही दोघं, चार रात्री. मला पाय गौ लागतं, बायकोला बॅकरा, दोन्ही टेबलावरचे जुगाराचे खेळ. स्लॉटला हात लावत नाही. मागच्या वेळी स्ट्रिपवरच्या (वेगासचा कसिनोंचा मुख्य रस्ता) एका मोठ्या हॉटेलात एकाच खुर्चीत नऊ तास खेळलो. निघताना विचारलं तर साधं जेवणसुद्धा नाही, वर खोलीभाड्याशिवाय वेगळी लागणारी रिसॉर्ट फी पूर्ण वसूल. आता तिथं पाय ठेवणार नाही. एशियन गेम्स भरपूर आणि कॉम्पला हात आखडता न घेणारं हॉटेल सुचवा. 'गुगल करा' सांगणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं, दोन तास तेच केलंय. आज रात्री बुक करायचंय.

निवृत्त_बाजीराव
पाय गौ कुठलं, पत्त्यांचं की टाइल्सचं (डॉमिनोसारख्या सोंगट्यांचं)? बेट किती? वार कुठले? टेबलावर प्लेअर कार्ड (खेळाची नोंद होते ते) दिलं होतं का? डॉक्टरला फोन करून नुसतं 'दुखतंय' म्हणायचं आणि फोन ठेवायचा, तसं झालंय हे.

आगाऊ_कार्टं
पायगाव? कुठल्या तालुक्यात आलं?

पत्त्यांचा_बंगला
@बाजीराव दोन्ही चालतात. बेट नॉर्मल. कार्ड अर्थातच दिलं होतं, एवढं कळतं.

निवृत्त_बाजीराव
नॉर्मल म्हणजे? आमच्या शेजाऱ्याचं नॉर्मल ५०० आहे, माझं १५.

पत्त्यांचा_बंगला
२५ डॉलर. आता हॉटेल सांगता का?

सॅन_होजेची_सून
गोल्ड कोस्ट. स्ट्रिपवर नाही, फ्लेमिंगो रोडवर आहे, पण एशियन गर्दी भरपूर. आत पिंग पँग पाँग नावाचं डिमसमचं (चिनी छोटे पदार्थ) हॉटेल आहे, दुपारी तिथं रांग लागते. चायनाटाउन म्हणजे स्प्रिंग माउंटन रोड गाडीनं काही मिनिटांवर. माझ्या सासूबाई (व्हिएतनामी शेजारणीनं बिघडवलेल्या) तिथं संध्याकाळी सहाला बसतात त्या रात्री एकला उठतात. खोल्या साध्या आहेत, बाथरूम बघून नाक मुरडू नका. बॉइडचं (गोल्ड कोस्टची मालक कंपनी) कार्ड काढा, ते त्यांच्या ऑर्लीन्स कसिनोलाही चालतं.

पत्त्यांचा_बंगला
धन्यवाद ताई, पण बायको म्हणते स्ट्रिपवरच राहायचं.

सॅन_होजेची_सून
हे आधी लिहायचं ना!

हिशेबनीस
हॉटेल नंतर. आधी तुम्हाला नऊ तासांत जेवण का मिळालं नाही ते बघू. कॉम्प तुम्ही किती हरलात यावर देत नाहीत, किती हरायला हवे होतात यावर देतात. सरासरी बेट गुणिले तासाचे डाव गुणिले तास गुणिले हाउस एज (बेटमागे कसिनोला सरासरी सुटणारा टक्का).

पाय गौ पोकर जगातला सगळ्यात आळशी खेळ. सात पत्ते घ्या, पाचचा हात लावा, दोनचा लावा, परत बदला, शेजारच्या आजोबांना दाखवा. सहा जण बसले तर तासाला ३० डाव झाले तरी खूप. शंभरातले चाळीसेक डाव बरोबरीत जातात, कोणी कोणाला काही देत नाही. जिंकलात तर ५ टक्के कमिशन. हे सगळं धरून हाउस एज २.७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे २५ × ३० × ९ × ०.०२७, साधारण १८२ डॉलर. त्यातला पाव ते तिसरा हिस्सा ते परत देतात असं धरा. नऊ तासांची तुमची कमाई ४५ ते ६० डॉलर. दोघांचं एक साधं जेवण बसलं असतं, खोली नाही. पण तुम्हाला शून्य मिळालं म्हणता. तिथं काहीतरी दुसरंच घडलंय.

निवृत्त_बाजीराव
हिशेब बरोबर. म्हणूनच कॉम्प हवे असतील तर बॅकरा खेळू नका. त्यात 'बँकर' बाजूवर एज १.०६ टक्के, 'प्लेअर' बाजूवर १.२४. हाउसला काही सुटतच नाही, मग ते तुम्हाला काय देणार?

हिशेबनीस
बाजीराव, अर्धा हिशेब करू नका. एज कमी, पण डाव किती? मिनी बॅकराला डीलर एकटाच पत्ते वाटतो आणि उलटतो, तासाला १५० डाव सहज. २५ × १५० × ०.०१२ म्हणजे तासाला ४५ डॉलर. पाय गौचे तासाला २० होतात. कॉम्प दुपटीहून जास्त.

निवृत्त_बाजीराव
आणि हरणंही दुपटीहून जास्त. साठ डॉलरच्या जेवणासाठी दोनशे घालवायचे. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला.

हिशेबनीस
तेच तर सांगतोय! कॉम्प ही तुमच्याच हरण्यावरची सूट आहे. मी कुठं म्हटलं जास्त खेळा?

निवृत्त_बाजीराव
सूर तसा होता.

मांडवीचा_मासा
वेगास कशाला? पणजीला या. मांडवीवर कसिनोच्या बोटी आहेत, प्रवेशाच्या पैशांतच जेवण, वर थोडे चिप्स. बॅकराही आहे. पहाटे बोटीवरून उतरून सरळ पाव-भाजी.

आगाऊ_कार्टं
तिकिटं झालीत त्यांची. धागा वाचला का काका?

जुना_वेगासकर
अठ्ठावीस वर्षं इथं आहे, म्हणून सांगतो. 'सगळे एशियन गेम्स एकाच छताखाली' हा प्रयोग होऊन गेला. सहारा अव्हेन्यूवर लकी ड्रॅगन म्हणून कसिनो निघाला होता, २०१६ च्या अखेरीस. बॅकरा, पाय गौ, सिक बो (फाशांचा खेळ), चिनी स्वयंपाक, सगळं तेच. कसिनो जानेवारी २०१८ मध्ये बंद, हॉटेल त्याच वर्षी. आता ती इमारत दुसऱ्याच नावानं चालते. कारण सरळ आहे. मोठा बॅकरावाला मोठ्या हॉटेलातच जातो, त्याच्यासाठी व्हिला आणि शेफ तयार असतो. आणि छोट्या खेळाडूच्या जिवावर अख्खं हॉटेल चालत नाही.

मोठी हॉटेलं या गिऱ्हाइकाला किती जपतात बघा. विन हॉटेलमध्ये ४० ते ४९ मजलेच नाहीत, कारण चिनी भाषेत चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा. एमजीएम ग्रँड १९९३ मध्ये उघडलं तेव्हा सिंहाच्या उघड्या जबड्यातून आत जावं लागायचं. एशियन जुगारी म्हणाले, सिंहाच्या तोंडात कोण पैसे घेऊन जाणार? १९९८ मध्ये ते दार बदललं.

स्ट्रिपवरच राहायचं तर रिसॉर्ट्स वर्ल्ड बघा. २०२१ मध्ये उघडलं, मलेशियाच्या गेंटिंग कंपनीचं आहे. त्यांचा फूड कोर्ट आग्नेय आशियाच्या हॉकर सेंटरसारखा, म्हणजे छताखालची खाऊगल्ली. उत्तर टोकाला आहे, हे वहिनींना आधीच सांगा.

हिशेबनीस
ते झकास आहे, पण २५ च्या खेळाडूला स्ट्रिपवर कोण विचारतो? वीकेंडला तिथं २५ चं टेबल शोधत फिरावं लागतं. कॉम्पसाठी स्ट्रिपबाहेरचं लोकल कसिनोच बरं. तिथं २५ वाला निदान दिसतो तरी.

सॅन_होजेची_सून
+१. आणि टाइल्स खेळणार असाल तर आधी फोन कराच. टाइल्सची टेबलं दिवसेंदिवस कमी होतायत. जिथं आहेत तिथंही कधीकधी फक्त शुक्रवार-शनिवार संध्याकाळी उघडतात, कारण डीलर मिळत नाहीत. बत्तीस टाइल्सच्या सोळा जोड्या आणि त्यांचा क्रम तोंडपाठ असलेला माणूस लागतो. फोनवर रिझर्व्हेशनवालीला विचारू नका, ती सगळ्याला 'येस सर' म्हणते. ऑपरेटरला 'टेबल गेम्स पिट' (टेबलांचा विभाग) जोडायला सांगा. मागं टाइल्स घोळल्याचा आवाज आला तर समजा टेबल चालू आहे. पावसाळ्यात पत्र्यावर गारा पडल्यासारखा येतो.

एच_वन_बी_पीडित
अमेरिकेतल्या जुगाराच्या टॅक्सचं बघितलंत का? २०२६ पासून हरलेल्या रकमेच्या ९० टक्केच वजावट मिळणार. म्हणजे एक लाख जिंकून एक लाख हरलात तरी कागदावर दहा हजार उत्पन्न.

पत्त्यांचा_बंगला
मी टॅक्स विचारलाच नव्हता!!

एच_वन_बी_पीडित
नंतर विचाराल. आणि एका दिवसात दहा हजार डॉलरवर रोख दिलीत-घेतलीत तर सरकारकडे रिपोर्ट जातो.

पत्त्यांचा_बंगला
२५ ची बेट आहे हो माझी.

निवृत्त_बाजीराव
मला अजून ते शून्य खटकतंय. बंगलेवाले, टेबलावर बसताना नेमकं काय झालं ते सांगा. कार्ड कोणी घेतलं, कधी?

पत्त्यांचा_बंगला
काय होणार? चिप्स घेतले, डीलरला कार्ड दिलं, सुटातल्या बाईनं नेलं, पाच मिनिटांत परत आणून दिलं. मग नऊ तास बसलो. मध्ये एकदा डीलरनं माझा हात स्वतःच लावून दिला, 'हाउस वे' (कसिनोची ठरलेली पद्धत) म्हणाला, तोच एक डाव जिंकलो बहुतेक.

निवृत्त_बाजीराव
त्या बाईनं पहिल्या दोन-तीन डावांत तुमची बेट बघून लिहून टाकली असणार. सुरुवातीला १० लावत होतात का? मग नऊ तास १० चेच धरले जातात. बसल्यावर पहिले काही डाव तुमच्या नेहमीच्या बेटपेक्षा कमी लावू नका, आणि शिफ्ट बदलली की नव्या सुपरवायझरला विचारायचं, 'मला रेट करताय ना?' म्हणजे बेट आणि वेळ नोंदवताय ना. लाजायचं नाही, त्यांचं रोजचं काम आहे.

पत्त्यांचा_बंगला
१५ ने सुरुवात केली होती. तरी शून्य कसं? आणि कार्ड माझं नव्हतंच खरं तर. माझं जुनं हरवलं होतं, बायकोच्या अकाउंटवर दुसरं काढलेलं होतं, ते दिलं. त्यानं काय फरक पडतो?

हिशेबनीस
😶

निवृत्त_बाजीराव
अहो महाराज. नऊ तासांचे पॉइंट्स वहिनींच्या नावावर गेले. निघताना काउंटरवर तुम्ही कोणाचं आयडी दाखवलंत?

पत्त्यांचा_बंगला
माझं.

सॅन_होजेची_सून
म्हणजे त्यांनी तुमचं नाव टाकलं, तिथं काहीच नाही. वहिनींचं इमेल बघा. आत्ता. प्रमोशनचा टॅब.

मांडवीचा_मासा
गोव्यात असं होत नाही. हातात कागदी पट्टा बांधतात.

जुना_वेगासकर
कार्डावरून आठवलं. पूर्वी कार्डबिर्ड काही नव्हतं, पिट बॉस (टेबलांवर देखरेख करणारा) खिशातून कूपन काढून द्यायचा, 'जा जेवून ये' म्हणायचा. ट्रॉपिकाना हॉटेल होतं तेव्हाची गोष्ट. २०२४ मध्ये तेही पाडलं.

पत्त्यांचा_बंगला
बघितलं. बायकोच्या प्रमोशन टॅबमध्ये त्याच हॉटेलचे सहा मेल आहेत. तिला वाटलं स्पॅम. दोन रात्री मोफत आणि ५० डॉलर जेवणाला. दोन ऑफर संपल्या, एक चालू आहे. पण फक्त रविवार ते गुरुवार, आणि आम्ही गुरुवारी पोचतोय. बायको हसतेय. मी नाही.

हिशेबनीस
तिकीट बदलायला किती लागतील ते बघा. दीडशेच्या आत असेल तर बदला, रविवारी जा. मधल्या वारी टेबलाचं मिनिममही उतरतं. ऑफर वहिनींच्या नावाची आहे, तेव्हा चेक-इन त्याच करतील. आणि त्यांनी खेळावं, तुम्ही शेजारी बसा.

निवृत्त_बाजीराव
आणि मेलच्या तळाचं बारीक अक्षर वाचा. मोफत खोलीवरही रिसॉर्ट फी लागू आहे का, ते तिथंच लिहिलेलं असतं.

पत्त्यांचा_बंगला
लागू आहे. 😡 पण तरी स्वस्त पडतंय. बायको म्हणते दोन रात्री तिथं, मग दोन गोल्ड कोस्टला, डिमसम खायचंय तिला. एअरलाइनला होल्डवर आहे, चाळीस मिनिटं झाली.

सॅन_होजेची_सून
म्हटलं नव्हतं? वहिनींना सांगा, साडेअकराच्या आत जा.

आगाऊ_कार्टं
तिथं शाकाहारी डिमसम मिळतं का? आई येणारे पुढच्या महिन्यात, चातुर्मास आहे तिचा.